निव्वळ वजन

कारखान्याच्या काट्यावर अठरा वर्षं बसतोय.
ट्रॉली येते उसानं फुगलेली, लिहितो.
तीच खडखडत परत निघते, लिहितो.
पहिल्यातून दुसरं वजा केलं की उरतो
त्या आकड्याकडं माणसं
दहावीचा निकाल बघावा तशी बघतात.

यंदा बॉयलर पेटायच्या आदल्या दुपारी
काटा मोकळा होता, म्हणून सहज
मीच जाऊन उभा राहिलो मधोमध.
दहा-दहाच्या टप्प्यानं मोजणारं यंत्र ते,
बिनदिक्कत म्हणालं : शंभर.
खिडकीतून ड्रायव्हर ओरडला,
"अण्णा, क्विंटल भरला की! पावती फाडू?"

पगार साखरेचा,
मिरजेच्या रिपोर्टातही साखरच.
त्रिशलाच्या रिपोर्टात दुसरंच काही, त्याचं नाव
तिला अजून नीट उच्चारता येत नाही.
दोघांचे दवाखाने वेगळे, मजले वेगळे.
तिला सांगितलं, तेल-तूप तोडा.
मला सांगितलं, भात-भाकरी सोडा, अंडी खा;
मग डॉक्टरांनी कागदावरचं नाव परत वाचलं,
आदगोंडा पाटील, समडोळी,
आणि अंड्यावर काट मारून
पनीर लिहिलं.

तेव्हापासून आमच्या ताटांत बोलणं नाही.
तिची भाकरी तव्यावरून थेट येते, कोरडी,
वाफ गेली की कडा उचलून बसते.
माझं लोणी वाटीत एकटं,
टेकायला त्याला काही नाही.
मी ते चमच्यानं खातो, औषधासारखं,
आणि ज्वारीच्या वासाकडं पाठ करून बसतो.
दिवस मावळायच्या आत जेवायचं,
एवढं एक अजून दोघांचं सारखं आहे.

मेव्हणा आला सांगलीहून
भडंगाची किलोची पिशवी घेऊन,
बिनलसणीचं, खास सांगून करवलेलं.
त्रिशलानं तेलकट कागद बोटानं पुसून दाखवला.
मी म्हणालो, चुरमुरे म्हणजे भातच की रे.
जिनपाल आमच्याकडं बघत राहिला थोडा वेळ,
मग मांडी घालून
एकट्यानं सगळं संपवलं,
तळाचे शेंगदाणेसुद्धा.

पहिल्या महिन्यात मी साडेचार किलोनं उतरलो.
"ते पाणी असतं," ती म्हणाली,
तिला कुणीतरी सांगितलं होतं.
ती उतरली दोन.
मी म्हणालो, तुझे केस गळतायत.
ती म्हणाली, तुझ्या तोंडाला वास येतोय.
एवढं एकमेकांकडं निरखून
आम्ही कितीतरी वर्षांत बघितलं नव्हतं.

शेवटी एकाच दिवशी दोघं गेलो
आहाराच्या सायरा मुल्लाबाईंकडं.
मी विचारलं, कोण बरोबर?
त्यांनी दोन्ही फायली एकावर एक ठेवल्या.
"दोन्हींनी उतरतं, काका.
पुढच्या वर्षी या वेळी कोण टिकून आहे
ते बघू."
बाहेर आल्यावर ती म्हणाली,
म्हणजे त्यांनाही माहीत नाही.
मी म्हणालो, माहीत आहे, म्हणून तर.
बस येईपर्यंत आम्ही
भज्यांच्या गाड्याकडं बघत उभे होतो,
दोघंही आपापल्या कारणानं.

मार्चात गाळप संपलं.
शेवटची ट्रॉली गेली, तिला कुणीतरी
झेंडूची माळ बांधली होती.
त्रिशला डबा घेऊन आली होती, तिला म्हटलं ये,
आणि दोघं उभे राहिलो लोखंडी फळीवर
चिपाडं चपलांखाली मोडत.

आकडा थोडा थरथरला, मग बसला :
एकशे साठ.
कुणाचं किती, ते
काटा सांगत नाही.

"आता एकेकानं उभं राहूया," ती म्हणाली.
डबा अजून तिच्या हातातच होता,
म्हणजे त्याचंही वजन त्यातच आलं.

मी आत जाऊन यंत्र बंद केलं.
दिवस अजून हातभर वर होता.